रविवारची एकवीस मिनिटे आणि आपले सहा तास



आपल्याकडे बऱ्याच गोष्टींना वार असतो. बाजाराचा वार ठरलेला. काही गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला कुलूप. शनिवारी रात्री डीपी जळाला, तर सोमवार उजाडेपर्यंत मोटार चालणार नाही हे आपण धरूनच चालतो. उभे पीक एखाद-दुसरा दिवस पाण्याचा ताण सोसते. माणसाचे काळीज मात्र सोसत नाही. त्याला ताण बसला की घड्याळ लावून तास मोजायचे असतात.

कृषी खात्याच्या माणसाने हृदयविकारावर का लिहावे, असे कुणी विचारील. शेतीशाळा, पीकपाहणी, पंचनामे यासाठी गावोगाव फिरताना एक वाक्य सगळीकडे कानावर पडते, "आज रविवार, दवाखान्यात कोण असणार? उद्या बघू." छातीत दुखत असतानाही माणसे हेच म्हणतात. मी डॉक्टर नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. तेव्हा इथे औषधोपचार सांगायला बसलेलो नाही. रविवारी दाखल झालेल्या हार्ट अॅटॅकच्या रुग्णाचे नेमके काय होते, यावर मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत जे छापून आले, ते आपल्या भाषेत मांडतो. त्यातून गावाने काय शिकायचे, हा खरा विषय आहे.

काळजाचे पाणी तुटते तेव्हा

आपल्या ठिबक संचाचेच उदाहरण घ्या. लॅटरलमध्ये मध्येच काही अडकले की पुढच्या झाडांचे पाणी तुटते. हृदयाचेही तसेच आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचा पुरवठा थांबतो. फरक एवढाच, की सुकलेले झाड पाणी सोडल्यावर कधी कधी पुन्हा फुटते, पण हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा फुटत नाही. जेवढा भाग गेला तेवढा कायमचा गेला. माणूस वाचला तरी पुढे बांधावरून चालताना दम लागतो, खुरपणी होत नाही, पोते उचलत नाही.

नळी मोकळी करायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज ही त्यातली नावे. दुसरा म्हणजे अँजिओप्लास्टी. त्यात हातातून किंवा मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून अडलेली जागा उघडतात आणि तिथे स्टेंट बसवतात. इंजेक्शनला ईसीजी, औषध आणि प्रशिक्षित डॉक्टर एवढे पुरते. अँजिओप्लास्टीला कॅथलॅब लागते, हृदयतज्ज्ञ लागतो, तंत्रज्ञ आणि परिचारिका लागतात. म्हणजे पूर्ण टोळी हजर हवी. वाराचा प्रश्न इथेच सुरू होतो.

न्यू जर्सीतला शनिवार-रविवार

अमेरिकेत न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. तिथल्या रुग्णालयांत १९८७ ते २००२ या काळात पहिल्यांदाच हार्ट अॅटॅक येऊन दाखल झालेल्या २ लाख ३१ हजार १६४ रुग्णांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. विल्यम कॉस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास मार्च २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला.

त्यातल्या १९९९ ते २००२ या शेवटच्या चार वर्षांचे आकडे पाहा. सोमवार ते शुक्रवार दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी ३० दिवसांच्या आत १२ दगावले. शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांत हे प्रमाण १२.९ होते. म्हणजे हजार रुग्णांमागे नऊ जीव जास्त गेले. हा फरक दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच दिसू लागला आणि वर्षभरानंतरही भरून निघाला नाही.

शनिवार-रविवारचे रुग्ण जास्त म्हातारे किंवा जास्त आजारी होते, म्हणून असे झाले का? संशोधकांनी वय, इतर आजार वगैरेंचा हिशेब घालून पाहिला, तरी फरक उरलाच. मग त्यांनी एक गोष्ट ताडून पाहिली. सुट्टीच्या दिवशी आलेल्यांना अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टीसारखे उपचार कमी मिळाले होते, आणि पहिल्या दोन दिवसांत तर फारच कमी. हा उपचारांतला फरक हिशेबात धरताच मृत्यूंमधला फरक निम्म्यावर आला, आणि जो उरला तो योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. थोडक्यात, रविवारी मृत्यूची धार वाढली नव्हती. रविवारी उपचार करणारी टोळी जागेवर नव्हती.

वाराला दोष देऊ नका

इथे एक मजेशीर पण खरी गोष्ट सांगतो. १९८८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'आयसिस-२' नावाचा प्रचंड मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १७ हजार १८७ रुग्ण होते. अॅस्पिरिनची साधी गोळी आणि स्ट्रेप्टोकायनेजचे इंजेक्शन यांचा हार्ट अॅटॅकमध्ये उपयोग होतो का, हे त्यांना पाहायचे होते. दोन्ही न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हजारी १३२ माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेली. दोन्ही मिळालेल्यांत हा आकडा ८० वर आला.

निकाल छापताना संपादक म्हणाले, रुग्णांचे लहान लहान गट पाडून कुणाला किती फायदा झाला ते दाखवा. संशोधकांना ते पटत नव्हते. म्हणून त्यांनी राशीनुसारही गट पाडले! जन्मतारखेवरून धरायची पाश्चात्त्य रास त्यांनी घेतली. तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अॅस्पिरिनचा फायदाच नाही, असे 'दिसले'. अर्थात तो निव्वळ योगायोग होता. आकड्यांचे तुकडे करत गेले तर त्यातून काहीही निघते, हेच त्यांना दाखवायचे होते.

ही गोष्ट अशासाठी सांगितली, की रविवारचा फरक ऐकून कुणी "बघा, वारच वाईट" असे म्हणू नये. राशीच्या फरकामागे काही कारण नव्हते. रविवारच्या फरकामागे कारण आहे, ते हुडकता येते आणि दुरुस्तही करता येते. वार बदलता येत नाही, पण ड्युटीचा तक्ता बदलता येतो.

इंजेक्शनला सुट्टी नसते

आता आपल्या सर्वात कामाचा आकडा. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. रुग्ण दारात आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती मिनिटे जातात, हे त्यात मोजले होते. एका बाजूला कामाचे तास धरले, आणि दुसऱ्या बाजूला रात्री आणि शनिवार-रविवार.

अँजिओप्लास्टीला कामाच्या तासांत सरासरी ९४.८ मिनिटे लागली, आडवेळी ११६.१ मिनिटे. म्हणजे २१ मिनिटांचा उशीर. डॉक्टर घरी झोपलेला, तंत्रज्ञ दुसऱ्या गावात, त्यांना बोलावून कॅथलॅब उघडेपर्यंत एवढा वेळ गेला. इंजेक्शनचे काय? कामाच्या तासांत ३३.२ मिनिटे, आडवेळी ३४.३ मिनिटे. फरक अवघ्या एका मिनिटाचा!

वाचकहो, ही ओळ नीट लक्षात ठेवा. जो उपचार तातडी विभागातला हजर डॉक्टर स्वतः देऊ शकतो, त्याला रविवार आडवा येत नाही. ज्याला बाहेरून माणसे गोळा करावी लागतात, त्याला येतो. पेरणीची टोळी रविवारी मिळणार नाही, पण घरातला फवारणीचा पंप रविवारीही चालतो, तसेच हे आहे. मोठे हॉस्पिटल दूर असलेल्या आपल्यासारख्या भागासाठी यात मोठा दिलासा आहे.

कॅथलॅबपर्यंत दोन तासांच्या आत पोचता येत असेल तर अँजिओप्लास्टी चांगली. तेवढ्या वेळात पोचणे शक्य नसेल, तर जवळच्या सोयीच्या रुग्णालयात आधी इंजेक्शन आणि मग पुढे रवानगी, असा आज सर्वमान्य मार्ग आहे. मात्र हे इंजेक्शन सरसकट सगळ्यांना चालत नाही. ईसीजीत ठरावीक बदल दिसावे लागतात. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर धोका असतो. तो निर्णय डॉक्टरांचा. आपले काम त्यांच्यासमोर वेळेत पोचण्याचे.

त्यांनी दुरुस्ती कशी केली

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे आकडे पाहून हात टेकले नाहीत. २००६ साली तिथल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने मोहीम काढली, की रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत नळी उघडलीच पाहिजे. उपाय साधेच होते. ईसीजी पाहताच तातडी विभागातल्या डॉक्टरने एका फोनवर सगळी टोळी बोलवायची, वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहायची नाही. बोलावलेल्या माणसांनी २०-३० मिनिटांत हजर व्हायचे. कुणाला किती वेळ लागला, याची नोंद ठेवून ती सगळ्यांना दाखवायची. परिणाम असा, की २००५ साली जिथे निम्म्या रुग्णांना ९६ मिनिटांहून जास्त लागत होती, तिथे २०१० पर्यंत हा आकडा ६४ मिनिटांवर आला. त्यासाठी नवे औषध निघाले नव्हते. फक्त कामाची घडी नीट बसवली होती.

आपल्या देशातही असे झाले आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये, कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालये आणि अॅम्ब्युलन्स यांची एकमेकांशी सांगड घातली गेली. लहान ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, तिथून मोठ्या ठिकाणी रवानगी. २०१७ साली छापून आलेल्या या कामाचा निकाल असा : वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १७.६ वरून १४.२ वर आले.

आपले सहा तास

इथपर्यंत दवाखान्याच्या दाराच्या आतली गोष्ट झाली. आता दाराबाहेरची. भारतातल्या ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत २० हजार ९३७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला, तो 'लॅन्सेट' नियतकालिकात २००८ साली आला. त्यात दुखणे सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मधला आकडा होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त वेळ लागला. दवाखान्यात आल्यावर इंजेक्शन मिळेपर्यंत ५० मिनिटे.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. अमेरिकेत रविवारच्या २१ मिनिटांच्या उशिरावर एवढे संशोधन झाले, मोहिमा निघाल्या. आणि आपण घरात, रस्त्यात, गाडीची वाट बघण्यात ३६० मिनिटे घालवतो.

सहा तासांची किंमत काय, तेही सांगतो. १९८६ साली इटलीत सुमारे ११ हजार ७०० रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेजचा अभ्यास झाला. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासाभरात इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तीन तासांपर्यंत चांगला फायदा, सहा तासांपर्यंत त्याहून कमी, आणि सहा तासांनंतर तो ठळक दिसेनासा झाला. पुढच्या अभ्यासांनी बारा तासांपर्यंत उपयोग होतो असे दाखवले, पण दर तासाला तो उतरत जातो. वाफसा निघून गेल्यावर पेरलेले बी आणि उशिरा दिलेले इंजेक्शन, दोन्हींची गत सारखीच.

हे सहा तास जातात कुठे? "पित्त झालं असेल" म्हणून ओवा चावण्यात, सोडा पिण्यात. "सकाळी बघू" म्हणण्यात. मोठ्या भावाला, मुंबई-पुण्याच्या पोराला फोन करून विचारण्यात. पैशांची जुळवाजुळव करण्यात. बाई असेल तर आणखी उशीर, कारण ती दुखणे अंगावर काढते आणि घरचेही काढू देतात. आणि रविवार असेल तर "आज दवाखाना बंद" हे आणखी एक कारण मिळते.

इथे एक गैरसमज काढून टाका. रविवारी बंद असतो तो बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे ओपीडी. तातडीच्या रुग्णासाठी ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांना सुट्टी नसते. १०८ क्रमांकाची अॅम्ब्युलन्स आपल्या राज्यात २०१४ पासून दिवसरात्र चालू आहे आणि तीत डॉक्टर असतो.

"पैसे नाहीत, दारातून परत लावतील" ही भीतीही असते. पश्चिम बंगालमध्ये जुलै १९९२ मध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत लावले होते. तिथली खेतमजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला आहे. हा निकाल तुमच्या-आमच्यासारख्यांनीच मिळवलेला आहे, तो लक्षात असू द्या. शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत कायम तयार ठेवा.

दुखायला लागले तर

छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे, मळमळ ही मुख्य लक्षणे. मधुमेही, वयस्कर माणसे आणि बायका यांच्यात छातीत न दुखता नुसता दम, घाम किंवा एकदम गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते. पंधरा-वीस मिनिटांत थांबले नाही, तर पित्त समजून घरी बसू नका. खरे पित्त निघाले तर ईसीजीच्या कागदाएवढे नुकसान.

रुग्णाला बसते किंवा आडवे करा. चालवू नका, जिना चढवू नका. १०८ ला फोन करा आणि छातीत दुखते आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. अॅस्पिरिन चावून खायला द्यायची का, हे फोनवरच्या किंवा जवळच्या डॉक्टरांना विचारा. ज्यांना अॅस्पिरिन सोसत नाही, पोटात रक्तस्राव झालेला आहे, त्यांना ती चालत नाही. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याच्या घरातून आणून देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर तीच घात करते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. अॅम्ब्युलन्सला उशीर होणार असेल, तर गावातली चारचाकी काढा आणि जिथे ईसीजी निघेल अशा जवळच्या ठिकाणी जा.

सरपंच आणि अधिकारी मंडळींसाठी

तहान लागल्यावर विहीर खणायला घेऊन चालत नाही. हे काम एका ग्रामसभेत होण्यासारखे आहे. पाच प्रश्नांची उत्तरे लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दूध संस्थेत आणि सोसायटीत लावा.

एक, रात्री आणि रविवारी ईसीजी निघेल असे सर्वात जवळचे ठिकाण कोणते? दोन, गुठळीचे इंजेक्शन कुठे शिल्लक असते आणि रविवारी ते देणारा डॉक्टर कोण? तीन, कॅथलॅब असलेले आणि योजनेत बसणारे रुग्णालय किती अंतरावर, फोन काय? चार, गावात रात्री निघू शकतील अशा तीन गाड्या आणि चालक कोण? पाच, रुग्णाबरोबर जाणारी, कागदपत्रे सांभाळणारी दोन माणसे कोण?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ऐकीव नकोत. सरपंचांनी, सदस्यांनी एखाद्या रविवारी स्वतः रुग्णालयात जाऊन विचारावे. भांडायला जाऊ नका. यंत्र आहे, पण कागदाचा रोल संपलेला तर नाही ना? ईसीजी काढल्यावर तो वाचायला कुणाकडे पाठवतात? इंजेक्शन कपाटात आहे, पण किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे तर नाही ना? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हे विषय लेखी घ्या. आपल्या तालुक्याचा रविवार असाच तपासावा लागेल. चांगले काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनाही अशा विचारण्याने बळच मिळते.

आणि घरोघरी एवढे ठरवा, की छातीत दुखले तर वार विचारायचा नाही, घड्याळ बघायचे. किती वाजता दुखायला लागले ती वेळ कागदावर लिहायची आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा. इंजेक्शन द्यायचे की पुढे पाठवायचे, हे ठरवताना त्या एका ओळीचा त्यांना मोठा उपयोग होतो. रविवारची एकवीस मिनिटे कमी करणे डॉक्टरांच्या हातात आहे. आपले सहा तास कमी करणे आपल्या हातात आहे.